छपाईची चाळण

आपल्या घरात चाळण्या किती, असे कोणी विचारले तर पुरुषमंडळी 'असेल एखादी' म्हणून मोकळी होतील. घरातल्या बाईला विचारा. ती सांगेल, गहू चाळायची वेगळी, पिठाची वेगळी, रव्याची वेगळी, आणि मैद्याची अगदी बारीक, ती वेगळी. मैद्याच्या चाळणीत गहू घातले तर एक दाणा खाली पडायचा नाही, आणि गव्हाच्या चाळणीत मैदा घातला तर सगळा जसाच्या तसा खाली येईल. चाळल्यासारखे काही होणारच नाही. वैद्याला चूर्ण हवे असले म्हणजे तो कोणत्याच चाळणीवर भागवीत नाही. 'वस्त्रगाळ करून आणा' म्हणून सांगतो.

आज मला बोलायचे आहे ते अशाच एका वस्त्रगाळ कामाबद्दल. मात्र इथे गाळायचे ते चूर्ण नव्हे, रंग. आणि गाळून तो डब्यात नव्हे, तर नेमक्या आकारात कागदावर किंवा कापडावर पाडायचा आहे. स्क्रीन प्रिंटिंग हा शब्द आता खेड्यातही नवा राहिलेला नाही. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, शाळेच्या गणवेशावरचे बोधचिन्ह, मंडळाचे बनियन, हे सगळे त्याच पद्धतीने छापले जाते. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशव्या शिवून त्यांवर नाव छापून देण्याचा उद्योग अनेक बचत गटांनी हाती घेतला. शाळांतही कार्यानुभवाच्या तासाला हा विषय घेता येतो. साहित्य थोडे लागते, जागा थोडी लागते, वीज नसली तरी उन्हावर भागते. पण या कामात एक गोष्ट चुकली की बाकी सगळे बरोबर असूनही काम बिघडते. ती गोष्ट म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी.

ही जाळी मुळात हवीच कशाला, इथून सुरुवात करू. मार्केट यार्डात पोत्यांवर खुणा मारताना आपण पाहिले असेल. पत्र्यात अक्षरे कापलेली असतात, पत्रा पोत्यावर ठेवायचा आणि वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. रांगोळीच्या छाप्यात तेच तत्त्व आहे. आता त्या पत्र्यात 'ठ' कापून पाहा. ठ ची रेघ कापली की मधला गोल तुकडा आधार सुटून खाली पडतो आणि ठ च्या जागी नुसते भोक राहते. व, ब, क यांची हीच गत. म्हणून पत्रा कापणारा मधला तुकडा धरून ठेवायला बारीक पट्ट्या सोडतो, आणि अक्षर ठिकठिकाणी तुटलेले दिसते. जपानी कारागिरांपुढे हीच अडचण होती. ते कापड रंगवण्यासाठी कागदाचे अतिशय नाजूक छापे कापीत, आणि मधले सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून रेशमाचे बारीक धागे आडवे-उभे घालून ते चिकटवीत. धागा इतका बारीक, की रंग त्याच्या दोन्ही बाजूंनी येऊन खाली मिळून जाई आणि धाग्याची खूण उरत नसे.

मग पुढची कल्पना सुचायला फार लांब जावे लागत नाही. एखाद-दुसरा धागा घालण्याऐवजी सगळी चौकटच धाग्यांनी भरून काढली तर? १९०७ साली इंग्लंडात मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन याने रेशमी कापडावर छापा धरून छपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. कापड कोणते? तर पिठाच्या गिरण्यांत मैदा चाळायला लागणारे रेशमी कापड, ज्याला बोल्टिंग क्लॉथ म्हणतात. म्हणजे चाळणीचा दृष्टान्त मी काही ओढूनताणून आणलेला नाही. ती खरोखरीची चाळणच होती. आजही आपल्याकडच्या बाजारात ही जाळी बोल्टिंग क्लॉथ या नावाने मागता येते.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका गावी होते. तिथल्या महिला बचत गटाला तीनशे कापडी पिशव्यांची मागणी आली होती. पहिलीच मागणी. कापडाचे पैसे गटाच्या ठेवीतून काढलेले. कोणा हुशार मुलाने एक पुस्तक वाचून काढले. त्यात लिहिले होते की कापडासाठी ११० ते १२० नंबरची जाळी घ्यावी. मुलगा तालुक्याला गेला, दुकानात '१२० नंबरची जाळी द्या' म्हणाला, दुकानदाराने १२० नंबरची जाळी दिली. चौकट तयार झाली, अक्षरे सुरेख उमटली, सगळ्यांनी पाहून वाहवा केली. आणि छपाई सुरू झाली.

पहिल्या पाच-सहा पिशव्यांवर रंग आला, पण फिका, धुवट. पुढे तो तुटक येऊ लागला. मग येईनासाच झाला. बायकांनी जोर लावला तेव्हा कडेकडेने रंग गळला. गटाच्या अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, "सर, पिठाची चाळण कोंड्यानं बसावी तसं झालंय बघा. वरचा रंग वरच राहतोय. तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, काय चुकलं सांगा."

मी पडलो भाषेचा मास्तर. पण मास्तराला 'ठाऊक नाही' म्हणायची सवय नसते. मी म्हणालो, "रंग घट्ट झाला असेल, थोडा पातळ करा." त्यांनी केला. पातळ रंग जाळीतून उतरला खरा, पण कापडात पसरला, आणि अक्षरांना मिशा फुटल्या. माझ्या सल्ल्याने आणखी वीस पिशव्या गेल्या. एकूण साठ. त्या साठ पिशव्यांचे कापड, शिलाई आणि रंग कोणाच्या खिशातून गेला हे मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती चौकट घेऊन तालुक्यातल्या एका जुन्या छपाईवाल्याकडे गेलो. त्याने ती उजेडासमोर धरली, बोट फिरवले आणि म्हणाला, "सर, ही पत्रिकेची जाळी आहे. हिच्यातून पिशवी कशी निघेल?"

इथे खोटे कोणीच बोलले नव्हते. पुस्तक खरे होते, दुकानदार खरा होता, मुलगाही खरा होता. घोटाळा होता तो नंबरात. जाळीचा नंबर म्हणजे ठरावीक लांबीत किती धागे येतात ती संख्या. पण ही लांबी अमेरिकी पुस्तकांत इंचाची असते आणि आपल्या दुकानांत बहुधा सेंटीमीटरची. एका इंचात २.५४ सेंटीमीटर. तेव्हा इंचाला १२० धागे म्हणजे सेंटीमीटरला सुमारे ४७ धागे. आणि सेंटीमीटरला १२० धागे म्हणजे इंचाला जवळजवळ ३०५! पुस्तकाने रव्याची चाळण सांगितली होती, घरी आली ती मैद्याचीही आजी.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की दुकानात नुसता नंबर सांगू नका. 'इंचाचा की सेंटीमीटरचा?' हे विचारा. नंबराच्या पुढे 'टी' हे अक्षर असेल, म्हणजे ४३ टी, ७७ टी, १२० टी, तर तो हिशेब सेंटीमीटरचा समजावा. हे टी अक्षर मूळचे धाग्याच्या जाडीचा वर्ग दाखवणारे, पण दुकानात आता ते सेंटीमीटरची खूण म्हणूनच चालते. पुढे मी जे नंबर सांगणार आहे ते सगळे सेंटीमीटरचे आहेत.

पण नुसत्या धाग्यांच्या संख्येवर सगळे कळत नाही. चांगल्या कारखान्याच्या जाळीवर दोन आकडे असतात, जसे ४३-८०. पहिला आकडा धाग्यांचा, दुसरा धाग्याच्या जाडीचा, मायक्रॉनमध्ये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस अदमासे ७०-८० मायक्रॉनचा. आता हिशेब करू. वर्गात मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. एका सेंटीमीटरात १०,००० मायक्रॉन. त्यात ४३ धागे, म्हणजे एका धाग्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २३२ मायक्रॉन. त्यातून धाग्याची जाडी ८० वजा केली की १५२ मायक्रॉनचे भोक उरले. भोकाने व्यापलेली जागा काढली तर ती शेकडा ४३ भरते. बाकीची ५७ धाग्यांनी अडवलेली. १२०-३४ च्या जाळीचा असाच हिशेब केला तर भोक ४९ मायक्रॉनचे आणि मोकळी जागा शेकडा ३५. प्रत्यक्षात विणताना धागा थोडा चपटा होतो, त्यामुळे भोक या हिशेबापेक्षा किंचित लहानच निघते. शिवाय जाड धाग्याची जाळी स्वतः जाड असते, तिच्या भोकात रंगही जास्त मावतो. ४३ च्या जाळीतून कापडावर पडणारा रंग १२० च्या मानाने सुमारे तिप्पट होतो, तो यामुळे. आमच्या पिशव्या धुवट का दिसल्या, याचे उत्तर या तिपटीत आहे.

आणि नंबर तोच, धागा निराळा, असेही होते. १२०-३४ आणि १२०-४० या दोन्ही '१२० नंबर'च. पण दुसरीची मोकळी जागा शेकडा २७ वर येते. जाड धाग्याची जाळी जास्त टिकते, पण रंग कमी सोडते. एकदा एका जाळीवर काम जमले, आणि पुढच्या वेळी तोच नंबर आणूनही जमले नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी हा दुसरा आकडा आधी पाहावा, मग रंगाला दोष द्यावा.

आता कोणत्या कामाला कोणती जाळी? कापडापासून सुरू करतो, कारण खेड्यात काम मिळते ते बहुतेक त्याचेच.

कापड रंग पिते. जितके कापड जाडेभरडे, तितकी तहान मोठी. गोणपाट, जाडी खादी, मांजरपाटाची जाड पिशवी यांना २४ ते ३४ ची जाळी पुरे. साधी कापडी पिशवी, बनियन, गणवेश यांना ३४ ते ४३. मला एकच चौकट करायची झाली तर मी ४३ ची करीन. तिच्यावर पिशवी छापता येते आणि मध्यम आकाराची अक्षरेही स्वच्छ येतात. पातळ कापडावर बारीक नक्षी असेल तर ५५ ते ६४ पर्यंत जावे. काळ्या किंवा गडद कापडावर पांढरा रंग छापायचा असेल तेव्हा जाळी जाडच हवी, कारण खालचा रंग झाकायला वरच्या रंगाचा थर जाड पडला पाहिजे. पांढऱ्यावर काळा छापणे सोपे, काळ्यावर पांढरा छापणे अवघड. फळ्यावर खडूने लिहिणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. खडू ओला असला की अक्षर कसे फिके उमटते ते त्याने पाहिलेले असते.

कापडाचे रंग बहुतेक पाण्यात कालवलेले असतात. पाणी उडाले की रंग भोकातच वाळतो. भोक जितके लहान, तितका लवकर वाळतो. वैशाखातल्या दुपारी नागपूर-अकोल्याकडे बारीक जाळीवर पाण्याचा रंग घेऊन बसणे म्हणजे चुलीवर शाई वाळवणे. सकाळी काम करावे, पंखा बंद ठेवावा, आणि प्रत्येक छापानंतर चौकट उचलून रबराने जाळीवर रंगाचा एक हलका थर ओढून ठेवावा, म्हणजे भोके उघडी पडत नाहीत. ही शेवटची खोड हाताला एकदा लागली की निम्मी रड थांबते.

रंगातले कणही पाहिले पाहिजेत. भोक हे रंगातल्या सर्वांत मोठ्या कणाच्या निदान तिप्पट असावे, असा ठोकताळा आहे. एकेक कण भोकातून जाऊ शकेल, पण तीन कण एकाच वेळी भोकाशी आले की दारात माणसे अडकावीत तसे अडकतात. चमकी छापायची असेल तर १० ते १५ ची जाळी लागते, एवढी जाड की नुसत्या डोळ्यांनी भोके दिसतात. लग्नाच्या ओढणीवर चमकी बसवायची म्हणून ७७ ची जाळी घेऊन बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. चमकी सगळी वर राहते आणि खाली येतो तो नुसता गोंद.

कागदाचे गणित उलटे. कागद रंग पीत नाही, वर धरून ठेवतो. जाड जाळीतून जाड थर पडला तर तो पसरतो, दुसऱ्या कागदाला लागतो, वाळता वाळत नाही. म्हणून पुठ्ठा, लाकूड, पत्रा, मोठ्या अक्षरांचे फलक यांना ७७ ते ९०. लग्नपत्रिका आणि भेटकार्डे यांना १०० ते १२०. अतिनील किरणांनी क्षणात वाळणाऱ्या शाया कारखान्यांत वापरतात, त्यांना १४० आणि वर. तो आपला विषय नव्हे.

मग बारीक अक्षरांना बारीक जाळी, एवढेच ना? एवढेच, पण ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या देवनागरीत सगळा अर्थ कधी कधी एका ठिपक्यावर लोंबकळत असतो. एका शाळेने शिक्षकदिनासाठी खादीच्या पिशव्या छापून घेतल्या. वर शाळेचे नाव मोठ्या अक्षरात, खाली लहान अक्षरात 'गुरुजनांस वंदन'. खादी म्हणून छापणाऱ्याने २४ ची जाळी लावली. कापडाच्या हिशेबाने बरोबरच. मोठे नाव झकास उठले. खाली मात्र वं वरचा अनुस्वार गळाला आणि 'गुरुजनांस वदन' असे छापून आले. वदन म्हणजे तोंड. मुख्याध्यापकांनी समारंभ कसाबसा निभावून नेला. पण मराठीच्या शिक्षकांना हसू आवरेना.

ठिपका गेला कुठे? २४ च्या जाळीत धागा १४० मायक्रॉनचा धरला तर भोक २७७ मायक्रॉनचे येते. छापता येण्याजोगा सर्वांत लहान ठिपका म्हणजे एक भोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन धागे, इतक्या रुंदीचा. म्हणजे इथे सुमारे ५५७ मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक. लहान अक्षरातला अनुस्वार त्याहून लहान होता. तो नेमका धाग्यांच्या गाठीवर आला आणि रंगाला वाटच राहिली नाही. ४३-८० च्या जाळीत हाच हिशेब ३१२ मायक्रॉन येतो आणि १२०-३४ मध्ये ११७. रफार, अनुस्वार, ऋकार आणि जोडाक्षरांच्या आतल्या फटी यांपैकी सर्वांत बारीक काय आहे ते पट्टीने मोजावे आणि जाळी ठरवावी. कापडाची तहान म्हणते जाड घ्या, अक्षर म्हणते बारीक घ्या, अशी ओढाताण झाली तर माझे मत विचाराल तर जाळी बदलू नये, अक्षर मोठे करावे. खादीच्या पिशवीवर मुंगीएवढी अक्षरे कोणी वाचीतही नाही.

छायाचित्र छापायचे असेल तर ते ठिपक्यांत मोडावे लागते. इंचाला ठिपक्यांच्या जितक्या ओळी, त्याच्या चौपट ते पाचपट धागे इंचाला असावेत. ४५ ओळींच्या चित्राला इंचाला १८० ते २२५ धागे लागतील, म्हणजे सेंटीमीटरला ७१ ते ८९. ठिपक्यांच्या ओळी आणि धाग्यांच्या ओळी एकमेकींवर येऊन पाण्यावर उठावेत तसे तरंग दिसू लागले, तर फिल्म थोडी तिरकी करून पाहावी. पहिल्याच वर्षी या फंदात पडू नये, असे मी शिक्षकांना सांगेन.

जाळी कशाची, याबद्दल थोडेसे. रेशमाचा जमाना गेला, नाव तेवढे 'सिल्क स्क्रीन' राहिले. स्वस्तात भागवायचे म्हणून ऑर्गंडीचे कापडही ताणीत. वर्गात प्रयोग दाखवायला ते आजही चालते, शेकड्यांनी छापायला नाही. नायलॉनची जाळी चिवट असते, पण नायलॉन हवेतले पाणी ओढते आणि सैल पडते. कोकणात पावसाळ्यात नायलॉनच्या चौकटीवर पाण्याचे रंग वापरणाऱ्याला याचा अनुभव येतो. सकाळी ताठ असलेली जाळी दुपारी झोळी होते. बाटलीसारख्या गोल वस्तूवर छापायला मात्र हाच ढिलेपणा उपयोगी पडतो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ ओढतच नाही, ताण धरून ठेवते. तेव्हा सपाट कामाला एकेरी धाग्याचे पॉलिएस्टर घ्यावे. मौज अशी की पॉलिएस्टरच्या या धाग्याचे पेटंट व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ साली घेतले, ते मँचेस्टरच्याच एका कापड छापणाऱ्यांच्या संघात नोकरीला असताना.

दुकानात जाळी पांढरी आणि पिवळी अशी दोन रंगांत मिळते. पिवळी दिसायला बरी म्हणून नव्हे. चौकटीवर लावलेल्या लेपावर उजेड पाडून आपण अक्षरे उठवतो, तेव्हा पांढरा धागा काचेच्या नळीसारखा उजेड आडवा नेतो आणि अक्षराच्या कडेखालीही पोचवतो. पिवळा धागा तो उजेड गिळतो. बारीक कामाला, म्हणजे ९० च्या पुढे, पिवळी घ्यावी आणि उजेड दीडपट ते दुप्पट वेळ द्यावा. पिशव्यांना पांढरी पुरे. तिथे पिवळीला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एवढी पारख करून आणलेली जाळी जर ढिली ताणली, तर केलेले सगळे पाण्यात गेले. जाळीचे धागे चौकटीच्या कडांना समांतर असावेत. चारी बाजूंच्या मध्यापासून सुरुवात करून कोपऱ्यांकडे ताणीत जावे. लाकूड वाळलेले, सागवानी असले तर उत्तम, आणि त्याला आधी वॉर्निश द्यावे. नाहीतर धुता धुता ते फुगते आणि चौकट वाकते. ताण मोजायचे यंत्र महाग असते. पण हलगी वाजवणारा काय करतो? जाळापाशी धरून कातडे ताणून घेतो आणि टिचकी मारून ऐकतो. तशीच टिचकी जाळीवर मारावी. धप् असा आवाज आला तर पुन्हा ताणा. मग छापताना चौकट कापडाला पूर्ण टेकवू नये, दोन-तीन मिलिमीटर वर ठेवावी. रबर पुढे गेले की मागची जाळी आपोआप उचलली गेली पाहिजे. ढिल्या जाळीची ती उचलली जात नाही, आणि अक्षर दुहेरी दिसते.

शिक्षक मंडळींना इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. चौकटीवरचा लेप उजेडाला संवेदनशील करण्यासाठी नारिंगी रंगाचे बायक्रोमेट वापरायची जुनी पद्धत आहे. ते स्वस्त असते, अजून मिळते. पण त्यातले क्रोमियम कर्करोगाला कारण होणाऱ्या जातीचे आहे. कातडीला फोड आणते, पाण्यात उतरले तर पाणी नासवते. ते मुलांच्या हाती देऊ नका, शाळेत आणूच नका. डायझोचा लेप किंवा तयार मिळणारा फोटोपॉलिमरचा लेप घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या. आणि कोणताही लेप वापरला तरी धुवण विहिरीच्या किंवा हापशाच्या कडेला सोडू नका.

आणलेली जाळी खरोखर सांगितल्या नंबराची आहे की नाही, हे शाळेत पाहता येते. कापडवाल्याचे धागे मोजायचे भिंग असेल तर उत्तमच. नसले तर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाळीचा तुकडा ठेवा आणि त्याला लागून एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवा. सर्वांत कमी शक्तीचे भिंग घ्या. एका मिलिमीटरच्या खुणेत चार-साडेचार धागे आले तर जाळी ४३ ची. बारा आले तर १२० ची. मुलांना कांद्याची साल दाखवता त्याच तासाला हेही दाखवा. दहा मिनिटे लागतात. आम्ही जर ती दहा मिनिटे घालवली असती, तर साठ पिशव्या वाचल्या असत्या.

त्या गटाने पुढे काय केले, असे आपल्या मनात आले असेल. त्याच संध्याकाळी ४३ ची जाळी आणून दुसरी चौकट ताणली. उरलेल्या दोनशे चाळीस पिशव्या दीड दिवसात छापून झाल्या. साठ पिशव्यांचे कापड पुन्हा घ्यावे लागले, तेव्हा त्या मागणीत मजुरी सुटली, नफा सुटला नाही. बिघडलेल्या पिशव्या त्यांनी उलट्या करून शिवल्या आणि आपसात वाटून घेतल्या. एक मलाही दिली, आग्रहाने. आणि १२० ची चौकट टाकून न देता तिच्या लाकडावर अध्यक्ष ताईंनी तेलरंगाने मोठ्या अक्षरात लिहिले, 'पत्रिका'. दुसरीवर लिहिले, 'पिशवी ४३'. पुढच्या दिवाळीत शेजारच्या गावच्या दोन लग्नपत्रिका त्यांनी पहिल्या चौकटीवर छापून दिल्या, असे त्यांनी मला फोनवर कळवले, आणि त्यातले सगळे अनुस्वार उठले आहेत का ते मला तपासायला पाठवले.